बिनअध्यक्षाची विहीर

अहो, तुमचा फ्लेक्स लागला. फाट्यावर, एसटी थांबते तिथं, चहाच्या टपरीच्या डोक्यावर. फोटो आपल्या लेकीच्या, मनीषाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. तो फेटा तुम्ही फोटोपुरता डोक्यावर ठेवलात आणि लगेच काढून माझ्या मांडीवर टाकलात, पण तेवढ्यात त्या फोटोग्राफरनं डाव साधला होता. फोटोखाली मोठ्या अक्षरांत ‘लोकनेते, पाणीवाटपाचे जनक, वस्तीचे आधारस्तंभ’. त्याच्याखाली शोकाकुल मंडळींचे फोटो. त्यातल्या निम्म्यांना तुम्ही ओळखत नव्हतात आणि उरलेल्या निम्म्यांशी तुमचं पटत नव्हतं.

पाथर्डीहून येताना जीपमधून उतरले आणि समोर तुम्ही. रडू यायचं सोडून मला हसू फुटलं. शेजारची बाई म्हणाली, “सर किती रुबाबदार दिसत्यात, न्हाई का सिस्टर?” मी म्हटलं, “व्हय, मेल्यावर दिसायला लागलेत.” तिला काय माहीत, आपल्या घरात एकमेकांशी असंच बोलायची पद्धत होती.

आयुष्यभर कुणाला नेता म्हटलं नाहीत. कॉलेजच्या कार्यक्रमात कुणी तुम्हाला ‘आमचे नेते’ म्हटलं, की तुम्ही भाषण अर्धं टाकून चप्पल शोधायला लागायचात. आणि आता फाट्यावर फेटा घालून उभे! त्या पोरांनी मायेनं लावलाय, हे कळतं मला. म्हणून उतरवा म्हणवत नाही. पण जाता-येता तुमची माफी मागते.

तुमच्याशी बोलायला बसले की आधी आठवतो तो आपला बघण्याचा कार्यक्रम. मी तेव्हा नगरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तुम्ही पोहे बाजूला सारलेत आणि माझ्या वडिलांना सरळ म्हणालात, “एक सांगून ठेवतो. मी अराज्यवादी आहे.” मी दाराआड. खरं सांगते, मला वाटलं एखादं पथ्य असेल. कांदा-लसूण खात नसतील. वडील म्हणाले, “म्हणजे कुठल्या पक्षाचे?” तुम्ही म्हणालात, “कुठल्याच नाही.” वडिलांचा चेहरा खुलला. “मग बरंय. निवडणुकीच्या दिवसांत घरी राहतील.” एवढ्यावर आपलं लग्न जमलं. हसू नका, बऱ्याच जणांची याहून कमी माहितीवर जमतात.

लग्नानंतर मी पहिला प्रश्न विचारला तो हाच. अराज्यवाद म्हणजे काय हो? तुम्ही इतके खूश झालात, की दोन तास बोललात. मला त्यातलं एकच समजलं आणि ते मी आजवर धरून ठेवलंय. तुम्ही म्हणालात, “लोकांना वाटतं, राजा नको म्हणजे नियम नको, जाळपोळ, दगडफेक, ज्याच्या मनाला येईल ते. तसं नाही. नियम पाहिजेत. मालक नको. नियम ज्यांनी पाळायचे, त्यांनीच बसून करायचे. मोडला तर त्यांनीच विचारायचं. वरून कुणी दांडका घेऊन उभा राहायला नको.” मग सावडीचं उदाहरण दिलंत. आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. “सावडीला कधी सरपंच बघितलास? तरी ती चालते ना?” मी म्हटलं, “चालते. पण सावडीला आलेल्यांच्या भाकरी कोण थापतं, ते तुमच्या पुस्तकात आहे का?” दुसऱ्या दिवशी सकाळी परातीत पीठ घेऊन बसलात आणि भाकरीचा नकाशा केलात. तोही फाटका. पण त्या दिवसापासून भांडी मात्र तुम्हीच घासलीत, हे कबूल करायला पाहिजे. वस्तीवरच्या बाया येता-जाता पदर तोंडाला लावून हसायच्या. तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

नाही तर आपलं घर म्हणजे एक नमुनाच होता. कुणी कुणाला हुकूम करायचा नाही. संध्याकाळची भाजी एकमतानं ठरायची. एकमत होईपर्यंत मनीषा बिस्किटं खाऊन झोपून जायची. मी दिवसभर वाड्या-वस्त्यांवर पाय तुडवून आलेली, मला एकमत नको असायचं, मला वांगं हवं असायचं. नव्या रेशनकार्डावर घरातल्या मोठ्या बाईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून आलं, तेव्हा तुम्ही ते कार्ड हातात घेऊन अंगणभर नाचलात. “उलथलं! माझं राज्य उलथलं!” आणि मग थबकून म्हणालात, “पण हे काही खरं नाही. यांनी नुसती राणी बसवली.” मी म्हटलं, “बसवली ना? मग राणीचा पहिला हुकूम, दळण घेऊन या.” गेलात मुकाट्यानं.

तुमच्या त्या शब्दानं लोकांना किती घोर लावला, आठवतं? टीव्हीवर रोज कुणी ना कुणी ओरडायचं, यांना देशात अराजक माजवायचंय. त्यामुळे आरोग्य केंद्रातल्या माझ्या मैत्रिणी हळूच विचारायच्या, “तुमचे मिस्टर त्यातलेच का गं?” त्यातले म्हणजे कुठले, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. मी म्हणायचे, “आमच्यांना साधं झुरळ मारता येत नाही घरात, देशात काय माजवतील!” आणि ते हवालदार? कॉलेजात तुम्ही राज्यसंस्थेवर भाषण केलंत, कुणीतरी वरती कळवलं, आणि नगरहून ते साध्या कपड्यांत चौकशीला आले. तुम्ही त्यांना ओट्यावर बसवलंत. ते म्हणाले, “सर अराजकवादी हायेत, असं कळलंय.” तुम्ही म्हणालात, “अगदी बरोबर कळलंय. चहा घेणार ना?” “तुमच्या संघटनेचा प्रमुख कोन?” “प्रमुख नाही, हीच तर संघटना.” “मग सभासद?” “ही सगळी वस्ती. पण त्यांना अजून माहीत नाही.” बिचाऱ्याच्या कपाळावर घाम. मला काही ते बघवेना. मी आतून बीपीचं मशीन आणलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला. वाढलेलंच होतं. मीठ कमी करा, लोणचं बंद करा, म्हणून सांगितलं. पुढं कितीतरी दिवस ते मुद्दाम वाट वाकडी करून बीपी बघायला यायचे. तुम्ही म्हणायचात, “बघ, राज्यसंस्था तुझ्या आश्रयाला आली.” ते तुमचं खो-खो हसणं अजून ओट्यावर ऐकू येतं मला. खोटं नाही सांगत.

हसण्यावारी नेत होतो, पण भांडण खरं होतं आपलं. मी सरकारची बाई. खांद्याला बर्फाचा डबा लावून उन्हातान्हात पोरांना लस पाजत फिरले. मी तुम्हाला विचारायचे, “ही लस इथवर कुणी आणली? तुमच्या सावडीनं? देवी गेली, पोलिओ गेला, ते काय ओट्यावर एकमत करून?” तुम्ही म्हणायचात, “लस सरकारनं आणली, मान्य. पण बाया घरातून पोरं काढून तुझ्यापाशी आणतात, ते सरकारच्या हुकमानं? हुकूम घेऊन आलेल्या साहेबाला बघून त्याच बाया ज्वारीत लपत होत्या. तुला बघून बाहेर आल्या.” यावर मला उत्तर सुचायचं ते दोन दिवसांनी, नेमके तुम्ही वर्गावर असताना.

मनीषाची तक्रार वेगळीच. तिनं तिच्या पसंतीचं सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “तुझं आयुष्य, तू ठरव.” मला वाटलं, वा, काय बाप मिळालाय पोरीला! पण ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या कुशीत रडली. म्हणाली, “आई, बाबांनी एकदा तरी ‘नको’ म्हणायचं ना. मला भांडता आलं असतं.” मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं. आता सांगते, कारण तुमच्या माघारी तीच मला म्हणाली, “बाबांनी मला नको म्हटलं नाही, म्हणून अजून प्रत्येक गोष्टीत मी स्वतःलाच विचारते.” हे तिनं रडतच सांगितलं, पण आवाजात कौतुक होतं हो. मी ओळखते तिला.

आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण या विहिरीवरचं. मला माहेरी असताना असली तऱ्हा ठाऊक नव्हती. विहीर सामाईक, वस्तीवरच्या सगळ्या घरांची, प्रत्येकाची ठरलेली पाळी. इथपर्यंत ठीक. पण दसरा-दिवाळी झाली, की निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. त्यांची ज्वारी रानात उभी असते. त्यांच्या पाळीचं काय करायचं? तर इथली रीत अशी, की जाणाऱ्याची पाळी राहणाऱ्यांनी धरायची. म्हणजे त्याच्या पाळीला त्याच्याच ज्वारीत जाऊन पाणी भरायचं. फावडं आपलं, पाय आपले चिखलात, आणि पीक दुसऱ्याचं. बघायला मालक हजर नाही, विचारायला कुणी नाही. तुम्हाला या रीतीचं इतकं वेड, की बाहेरचा कुणी आला की आधी विहीर दाखवायचात. “हा माझा सिद्धान्त,” म्हणायचात, “आणि याला पाणीसुद्धा आहे.”

मी म्हणायचे, हा सिद्धान्त नाही, हे तुम्ही आहात. भांडण झालं, की माणसं आपल्या ओट्यावर यायची. तुम्ही निकाल म्हणून द्यायचा नाहीत. दोघांचं ऐकून घ्यायचात आणि विचारायचात, “मग? तुमचं काय ठरलं?” त्यांचं काहीच ठरलेलं नसायचं, म्हणून तर आले होते! तुम्ही म्हणायचात, मग बसा. मी चहा करायचे. ते दोघं परत बसायचे. परत चहा. शेवटी माणसं एकमताला यायची, ती न्यायानं नव्हे, बसून बसून कंटाळून, असं माझं मत. आणि तुमच्या वयाचा, तुमच्या शिक्षणाचा धाक होता म्हणून. तुम्हाला मुकादम म्हटलेलं आवडायचं नाही, पण बिनपगारी मुकादमच होतात तुम्ही. मी कितीदा बजावलं होतं, “तुम्ही आहात तोवर हे चालेल. तुम्ही डोळे मिटलेत, की बळी तो कान पिळी.”

त्या दिवशी सकाळी छातीत दुखायला लागलं आणि आपण जीपनं नगरला निघालो, तेव्हाही तोंड बंद नव्हतं तुमचं. मी नाडी धरून बसलेली. करंजी घाटात म्हणालात, “तू सारखं म्हणतेस ना, बळी तो कान पिळी... पण...” मी म्हटलं, “आता गप्प बसा हो, श्वास पुरवा.” नर्सच ना मी. गप्प बसलात. माझा हा हुकूम आयुष्यात पहिल्यांदा ऐकलात आणि नंतर बोललाच नाहीत. त्या ‘पण’च्या पुढं काय होतं? मी किती वेळा वाक्य पुरं करून पाहिलं. तुमच्यासारखं जमत नाही.

दहावं करू नका, असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दहावं घातलं. नदीवर मांडव, प्रवचन, माईक. आपल्याकडं दहाव्याला पुढारी आल्याशिवाय मेलेल्यालाही मेल्यासारखं वाटत नाही. एक आले. तुम्हाला कधी भेटलेही नव्हते. माईक हातात घेऊन भरल्या गळ्यानं म्हणाले, “सरांनी आयुष्यभर अराजकतेविरुद्ध झुंज दिली!” अहो, मी पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलायला लागले. बाजूच्या बायांना वाटलं हंबरडा फुटतोय. दोघी-तिघी माझी पाठ चोळायला लागल्या. “रडू द्या, रडू द्या, मोकळं व्हऊ द्या सिस्टरला.” आणि मी हसता हसता खरंच रडायला लागले. कारण ही गंमत सांगायची कुणाला? घरी जाऊन जिला तुम्ही टाळी दिली असतीत ती मी, आणि मला टाळी देणारे तुम्ही नाही.

तिथंच माईकवर समिती जाहीर झाली. तुमच्या स्मरणार्थ. विहीर समिती! आणि अध्यक्षा कोण, तर मी. बबननं उभं राहून सांगितलं, “सर गेले. आता कुनीतरी मोठं मानूस पायजेल. सिस्टर सोडून हाय कोन?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नदीवर, दहाव्याला. बबन म्हणजे वस्तीवरचा तालेवार माणूस. ट्रॅक्टर त्याचा, सगळ्यात जास्त कांदा त्याचा, सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच. दोन दिवसांत त्यानं विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला कुलूप बसवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. तुमच्या हयातीत त्या पेटीला कुलूप नव्हतं. तुम्ही लावू दिलं नव्हतंत. म्हणायचात, कुलूप आलं की किल्लीवाला आला, किल्लीवाला आला की राज्य आलं. आता राज्य तुमच्याच घरात आलं, तुमच्याच नावानं.

तुम्ही रागवाल, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. किल्ली कमरेला लावून फिरायला बरं वाटायचं. सकाळी ज्याची पाळी असेल तो दारात यायचा. मी विचारायचे, कुणाची पाळी, किती वाफे भिजवायचे, मागच्या वेळी मोटर उघडी का टाकली? मी मनात म्हणायचे, बघा, याला म्हणतात कारभार. बसा-उठा नाही, चहावर चहा नाही. तुमच्या मागं मन रमवायला मला काहीतरी हवं होतं, तेही असेल. घर खायला उठतं हो. संध्याकाळी वांगं करायला कुणाची हरकत नसते, आणि म्हणून वांगंच केलं जात नाही.

मग एके दुपारी बबन आणि वस्तीवरचाच सोपान भांडत भांडतच ओट्यावर आले. दुसऱ्या दिवशी दगडूची पाळी होती. दगडू आणि त्याची बायको शांता इकडं नाहीत, फॅक्टरीवर ऊस तोडतायत. जाताना शांता माझ्या गळ्यात पडून रडून गेली होती, “सर न्हाईत, आता आमच्या रानाकडं कोन बगंल?” बबन म्हणाला, “सिस्टर, माझ्या कांद्यानं माना टाकल्यात. या येळची दगडूची पाळी मला द्या. जवारीला काय हुतंय? रातच्या दवा-दहिवरावर बी येती.” सोपान उसळला, “मंग तुझा कांदा बी ठिव की दहिवरावर! मानूस हितं न्हाई म्हनून त्याचं पानी गिळतो व्हय?” “मी काय फुकट मागतो का? पुढल्या टायमाला माझी पाळी देतो त्याला.” “पुढल्या टायमाला जवारी वाळून कडबा हुईल, मंग दे.”

मी काय करावं? तुम्ही असतात तर विचारलं असतंत, मग काय ठरलं तुमचं. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण मी बबनकडं बघितलं. एवढा मोठा गडी, ट्रॅक्टरवाला. मनात म्हटलं, हा ऐकणार आहे थोडाच? नाही म्हटलं तर सगळंच पाणी घेईल. निदान निम्मं तरी वाचवू. मी इंजेक्शन टोचावं तसा झटक्यात निकाल दिला. “अर्धी पाळी दगडूच्या ज्वारीला, अर्धी बबनच्या कांद्याला. उद्या सकाळी किल्ली न्या. विषय संपला.” दोघंही “बरं” म्हणाले आणि गेले. चहासुद्धा करावा लागला नाही. मी तुमच्या रिकाम्या खुर्चीला म्हटलं, “बघा, असं असतं.”

दुसऱ्या दिवशी किल्ली मागायला कुणी आलं नाही. या आठवड्यात लाईट दिवसाची आहे, ती आली तशी मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. किल्ली माझ्या कमरेला आणि मोटर चालू! म्हटलं, झालं. बबननं कुलूप फोडलं. सगळं पाणी कांद्याला घेतलं. तुमची विहीर दोन महिने टिकली नाही. मी चप्पल घातली आणि निघाले. आणि ऐका, बांधावरून जाताना मला रडू येत होतं, तरी आत कुठंतरी एक बाई म्हणत होती, मी सांगितलं नव्हतं? मी जिंकले. तिचं तोंड दाबून टाकावंसं वाटत होतं, पण होती ती. तुमच्याशी इतकी वर्षं भांडलेली बाई, एका दिवसात कुठं जाणार?

पेटीचं कुलूप जसंच्या तसं होतं. त्यांनी मागून बिजागऱ्याच खोलल्या होत्या. पाणी कांद्याकडं चाललं नव्हतं. पाटानं दगडूच्या ज्वारीत चाललं होतं. आणि गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात फावडं घेऊन, एक वाफा भरून झाला की त्याचं तोंड बंद करून पुढच्याचं उघडायला कोण उभं होतं? बबन.

मी बांधावरूनच ओरडले, “अरे, अर्धी पाळी सांगितली होती ना?”

तो कावराबावरा झाला. “रागावू नका सिस्टर. जवारी पोटरीत हाय, कनीस आजून पोटात. अर्ध्या पान्यानं कनीस भरत न्हाई. दगडूनं वरीसभर खायचं काय?”

“आणि तुझा कांदा?”

“ह्या समद्यांनी आपापल्या पाळीतलं थोडं थोडं सोडलंय मला. सोपान्यानं बी.” सोपान पलीकडच्या बांधावर बिडी ओढत होता. त्यानं मान वळवली, जशी काही त्यानं चोरीच केली होती.

“हे कुणी ठरवलं?”

“कुनी म्हंजी? आमीच. काल सांजच्याला बसलो हुतो समदे.”

“मग ओट्यावर का नाही आलात? मी चहा केला असता.”

बबननं खाली बघून पायानं चिखल उकरला. “तुमच्यापाशी बसता येत न्हाई हो सिस्टर. तुमी लगीच निकाल देता.”

मी कमरेची किल्ली चाचपली. तेवढ्यात तोच म्हणाला, “पन अध्यक्ष तुमीच बरं का. कुलूप बी ऱ्हाऊ द्या. शोभंला बरं दिसतं.”

अहो, माझा हुकूम कुणी पाळला नाही! दहाव्याला टाळ्या वाजवून मला अध्यक्षा केली, किल्ली दिली, आणि माझा पहिलाच निकाल बिजागऱ्यांसकट काढून ठेवला. तुमचा धाक होता म्हणून माणसं नीट वागायची, असं मी म्हणायचे ना? तुम्ही नव्हतात तिथं. मला तर ते भीतच नव्हते. दगडू तिकडं उसाच्या फडात, त्याला कळणारही नव्हतं. तरी तो ट्रॅक्टरवाला चिखलात उभा होता. ज्या माणसाला मी ‘बळी तो कान पिळी’तला बळी समजून निम्मं पाणी देऊन बसले, तो माझ्यापेक्षा शहाणा निघाला. मी बांधावर बसले आणि मोकळेपणी रडले. सोपान धावत आला, त्याला वाटलं मला अपमान वाटला. मी म्हटलं, “नाही रे बाबा, आनंद झालाय.” त्याला काही ते पटलं नाही.

एका पाळीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी म्हणणारच. लसीचा प्रश्न अजून तसाच आहे. सगळ्या जगाला आपली वस्ती पुरणार नाही. भाकरीचा हिशेबही अजून कुणी केलेला नाही. पण विहिरीवरचं भांडण तुम्ही जिंकलात. मी ज्वारीच्या बांधावर बसून ते कबूल केलं, मोठ्यानं केलं, बबननं ऐकलंही असेल.

मग उठले आणि भराभरा घराकडं चालायला लागले. निम्म्या वाटेवर आल्यावर ध्यानात आलं, की मी कशासाठी एवढी घाई करतेय. तुम्हाला सांगायला. दारातून आत शिरायचं आणि म्हणायचं, हरले हो मी. आणि तुमचं तोंड बघायचं. चष्मा कपाळावर सारून तुम्ही कसे हसला असतात, किती दिवस मला ते ऐकवलं असतंत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं असतंत. मी चिडले असते, भांडी आपटली असती. अहो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला हरायचं होतं, आणि घरात कुणी नव्हतं.